को सामुईत स्कूटर घेताय? पासपोर्ट हातातून सोडू नका

थायलंडच्या आखातातल्या को सामुई बेटावर भाड्याच्या स्कूटरवरून फिरायचा बेत असेल, तर आधी हे वाचा. माझ्याकडून तिथे 7,000 बाट उकळले गेले. उकळणाऱ्याचा हात इतका सरावलेला होता, की आमच्या आधी किती जण त्यात सापडले असतील आणि आजही सापडत असतील, या विचाराने संताप येतो.

बेट बघायला दुचाकीसारखी सोय नाही, हे मी आजही म्हणेन. 4169 क्रमांकाचा रस्ता जवळपास 50 किलोमीटरचा आहे आणि बेटाला वळसा घालून पुन्हा जागेवर येतो. वाहतूक आपल्यासारखी डावीकडून, त्यामुळे हात लगेच बसतो. मी आणि माझा मित्र लमाईजवळचे हिन ता-हिन याई खडक, ना मुआंगचे धबधबे आणि वाट खुनाराम हे देऊळ पाहून आलो. त्या देवळात लुआंग फो डेंग या भिक्षूंचा देह काचेच्या पेटीत ध्यानाला बसलेल्या स्थितीत ठेवला आहे. 1973 मध्ये त्यांचं निधन झालं, तेव्हापासून तो तसाच आहे. बेट सुंदर आहे, रस्त्यात भेटलेली माणसं तर फारच चांगली होती. आमची तक्रार एका दुकानदाराबद्दल आहे.

125 सीसीच्या दोन ऑटोमॅटिक स्कूटर, प्रत्येकी दिवसाला 250 बाट. भाडं वाजवी होतं. अनामत म्हणून त्याने दोघांचे पासपोर्ट मागितले. आम्ही रोख अनामत आणि पासपोर्टची झेरॉक्स देऊ केली, तर म्हणाला, बेटावर सगळीकडे हाच नियम आहे. नियमबियम काही नाही. रोख रक्कम आणि झेरॉक्सवर गाडी देणारी दुकानं तिथेच आहेत, हे आम्हाला पुढे कळलं. त्याने खण उघडला तेव्हा आत वेगवेगळ्या रंगांच्या पासपोर्टांची रबर लावलेली चळत होती. आमचे दोन त्यावर पडले.

आता त्याची हुशारी बघा. करारावर स्कूटरचं चित्र छापलेलं होतं. गाडीवरचे जुने ओरखडे त्याने स्वतःच शोधून दाखवले आणि चित्रावर पेनाने गोल केले. आम्ही मोबाईलवर गाड्यांचा चहूबाजूंनी व्हिडिओ घेतला, तोही त्याने हसत घेऊ दिला. इतका सरळ माणूस म्हटल्यावर शंका कुणाला येणार? शेवटी करारात एक रकाना होता: बेटावरून कधी जाणार, किती वाजताच्या बोटीने. गाडी कधी परत येणार हे कळावं म्हणून विचारत असेल, असं वाटलं.

निघायच्या दिवशी सकाळी गाड्या परत केल्या. नाथोनहून डॉन सकची बोट, पुढे बसने सुरत थानी आणि तिथून विमान, असं सगळं एकाला एक बांधलेलं होतं. मित्राची स्कूटर त्याने नुसती नजरेखालून घातली, ‘ठीक’ म्हणाला आणि त्याचा पासपोर्ट परत दिला. माझ्या गाडीपाशी मात्र तो गुडघ्यावर बसला. ओलं फडकं घेतलं, पाय ठेवायच्या जागेखालचं प्लास्टिक पुसलं आणि एका रेघेवर बोट ठेवलं. वीतभर लांबीचा ओरखडा. अख्खं पॅनल बदलावं लागेल, 18,000 बाट.

मी खाली वाकून बघितलं. फडकं जिथे नीट पोहोचलं नव्हतं तिथे त्या रेघेत राखाडी चिखल घट्ट वाळून बसला होता, नखाने खरवडला तरी निघेना. प्लास्टिकवर ताजा ओरखडा पडला तर कडा खरखरीत आणि पांढुरक्या दिसतात. या रेघेच्या कडा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. मी ते त्याला दाखवलं. तो शांतपणे म्हणाला, करारातल्या चित्रावर इथे गोल नाही आणि तुमच्या व्हिडिओत ही जागा दिसत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. ज्या जागी कॅमेरा सहसा जात नाही, तीच जागा त्याने राखून ठेवलेली होती.

आणि मित्राची गाडी बिनतक्रार घेणं हाही त्याच खेळाचा भाग होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. दोन्ही गाड्यांवर दावा लावला असता तर चोरी उघडी पडली असती. एकीला सोडलं की दुसरीचा दावा प्रामाणिक वाटतो.

विम्याचं विचारलं तर त्याने एक कागद पुढे केला. तो तिथला सक्तीचा विमा. त्यातून अपघातात जखमी झालेल्या माणसांचा खर्च मिळतो, गाडीच्या नुकसानीचा नाही. मग त्याने ठेवणीतला धाक काढला: ‘पोलिसांना बोलवू? लायसन्स दाखवावं लागेल.’ या वाक्याला पुष्कळ पर्यटक गप्प होतात, कारण त्यांच्याकडे दुचाकीचा वैध परवानाच नसतो. आमच्याकडे आरटीओने दिलेला आंतरराष्ट्रीय परवाना होता, त्यात मोटरसायकलच्या वर्गाची नोंदही होती. तो वर्षभरच चालतो, पण काढूनच निघा. नसेल तर अपघात झाल्यावर प्रवास विमाही बहुतेक वेळा हात वर करतो.

मित्र म्हणाला, ‘थांब, आपणच बोलवू.’ आणि त्याने थेट पर्यटक पोलिसांचा 1155 हा क्रमांक लावला. पलीकडून इंग्रजीत नीट चौकशी झाली. दुकानातून हलू नका, सांगितलं. फोन चालू असतानाच दुकानदार 18,000 वरून 10,000 वर आला. पॅनलची किंमत खरी असती तर ती एका फोनने एवढी उतरली नसती. पण घड्याळ त्याच्या बाजूने होतं. बोट चुकली असती तर विमान गेलं असतं, आणि दोघांची नवी तिकिटं त्याच्या मागणीपेक्षा महाग पडली असती. कितीची बोट आहे हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. शेवटी 7,000 वर तुटलं. पैसे मोजून घेतल्यावर त्याने खण उघडला. पावती मागितली, दिली नाही.

वाद ओरखड्याचा कधी नव्हताच. पासपोर्ट त्याच्या खणात होता म्हणून त्याला काहीही मागता आलं. तोच जर आमच्या खिशात असता, तर जास्तीत जास्त अनामत बुडाली असती. 1967 च्या पासपोर्ट कायद्याप्रमाणे भारतीय पासपोर्ट ही सरकारची मालमत्ता आहे, तो गहाण ठेवायची वस्तू नाही. तो परत मिळालाच नाही, तर बँकॉकच्या भारतीय दूतावासात जाऊन परतीच्या प्रवासासाठी आणीबाणीचं प्रमाणपत्र काढावं लागतं. म्हणजे बेट सोडून मुख्य भूमीवर शेकडो किलोमीटर. हे दुकानदाराला आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

तेव्हा पासपोर्टच हवा म्हणणाऱ्या दुकानातून सरळ बाहेर पडा, गाडी कितीही चकचकीत असो. रोख अनामत द्या आणि तिची रक्कम करारावर लिहून घ्या. व्हिडिओ काढताना मोबाईल जमिनीलगत धरून गाडीचं पोट, पाय ठेवायच्या जागेची खालची बाजू, सायलेन्सर आणि दोन्ही चाकांच्या रिम घ्या. दुकानदार आणि दुकानाची पाटीही त्यात येऊ द्या. परतीची तारीख विचारली तर खऱ्यापेक्षा पुढची सांगा, आणि गाडी निघायच्या आदल्या दिवशी सकाळीच परत करा. म्हणजे वाद झालाच, तर पोलीस येईपर्यंत निवांत बसून राहता येईल. पैसे देण्यावाचून इलाज उरला नाही, तर ते देतानाचा व्हिडिओ दुसऱ्याने काढावा. तक्रारीबरोबर जोडायला आमच्याकडे फक्त कराराचा फोटो, पहिल्या दिवशीचा व्हिडिओ आणि 1155 ला लावलेल्या फोनची वेळ एवढंच होतं. तक्रार ईमेलने पाठवली आहे, पैसे अजून आलेले नाहीत.