साडेसातशे रुपयांची वही आणि उलटी शिवलेली सोळा पानं

३० जूनला माझ्या लॉगबुकाची, म्हणजे रेडिओवरच्या संपर्कांच्या नोंदवहीची, शेवटची ओळ भरली. एप्रिल २०२२ मध्ये सांगलीच्या पेठेतल्या एका बोळात बसणाऱ्या बाइंडरकडून ही वही मुद्दाम बांधून घेतली होती, ७५० रुपयांना. तेव्हाच ठरवलं होतं की पूर्ण भरेपर्यंत तिच्याबद्दल एक अक्षर लिहायचं नाही. नवी असताना कुठलीही वही छानच दिसते.

मी हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाली, घरच्या संचावरून दूरदूरच्या रेडिओवाल्यांशी संपर्क साधणारी. मिनिटाला ५ शब्दांच्या मोर्सची, म्हणजे टिंब-रेघांच्या भाषेची, परीक्षा देऊन १९९४ साली परवाना मिळवला. हायस्कूलात भौतिकशास्त्र शिकवत होते, आता निवृत्त. रेडिओवर बाई साठीची असली तरी ‘वायएल’ म्हणजे यंग लेडी, आणि मिसरूड न फुटलेलं पोर ‘ओएम’ म्हणजे ओल्ड मॅन. या हौशीत राहण्याचं तेही एक कारण आहे म्हणा.

आमच्या वेळी परीक्षेला हौशी रेडिओचे १९७८ चे नियम पाठ करावे लागत. लॉग बांधीव वहीत ठेवायचा, सुट्या पानांत नाही, असं त्यात होतं. तेव्हा वाटायचं, काय हा सरकारी सोस! सोस कशासाठी ते मला पुरानं शिकवलं.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेली. आमचं घर गावभागात, तळमजल्यावर. रिग म्हणजे रेडिओ संच वर नेला, पॉवर सप्लाय नेला, अँटेना ट्यूनर नेला, लोणच्याच्या बरण्यासुद्धा नेल्या. लॉगची तीन रजिस्टरं मात्र टेबलाच्या खालच्या खणात तशीच राहिली. पाणी ओसरल्यावर खण उघडायला पहार लागली. दोन रजिस्टरं दुकानातून आणलेली, पाठीला गोंद लावून चिकटवलेली. हातात घेतली आणि पानं पत्त्यांसारखी सुटली. कुठलं पान कुणाच्या आधी, काही कळेना, कारण पानांवर आकडेच नव्हते. तिसरं १९९४ पासूनचं, दोऱ्यानं शिवलेलं. ते पुरणपोळीसारखं फुगलं होतं, पण एकसंध होतं. दर दोन पानांत वर्तमानपत्राचा कागद घालून पंख्याखाली पंधरा दिवस ठेवलं. २८ जानेवारी २००१ चं पान आजही वाचता येतं. भूजच्या भूकंपानंतर ४० मीटरवर, म्हणजे त्या लांबीच्या रेडिओ लहरींच्या बँडवर, तिकडच्या निरोपांची ये-जा चालली होती. शेऱ्यात मी लिहिलंय, ‘फक्त ऐकलं. मध्ये बोलले नाही.’

शाईचाही धडा त्याच खणात मिळाला. साध्या बॉलपेनचं सगळं शाबूत. जेल पेननं लिहिलेली दोन वर्षं म्हणजे निळं ढगाळ आकाश. क्यूएसएल कार्ड, म्हणजे संपर्काची पोच देणारं कार्ड, आलं की लाल स्केचपेननं खूण करायची सवय होती, त्या सगळ्या खुणा धुऊन गेल्या. तेव्हापासून फक्त बॉलपेन.

त्यानंतरची अडीच वर्षं मी दोनशे पानी वह्यांवर काढली आणि मग या बाइंडर मामांकडे गेले. सत्तरीचे आहेत. हळदीच्या अडत्यांच्या कीर्द-खतावण्या बांधण्यात हयात गेली. पूर्वी दिवाळीच्या आधी महिनाभर दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. आता लक्ष्मीपूजनाला पुजायला म्हणून एखादी चोपडी नेतात आणि हिशोब कॉम्प्युटरवर ठेवतात, असं तेच सांगत होते. मी कागदावर रकाने काढून नेले होते. ते पाहून म्हणाले, “बाई, ही कसली खतावणी? यात जमा कुठाय?”

वहीचा नमुना असा. फूलस्केप आकार, १९२ पानं, ९० जीएसएमचा फिकट निळसर लेजर कागद. सोळा पानांचा एक असे बारा फर्मे, दोऱ्यानं शिवलेले. पाठीला कापड, बाहेरून काळं रेक्झिन. एक नोंद समोरासमोरच्या दोन पानांवर पसरते. डावीकडे अनुक्रम, तारीख, सुरुवातीची वेळ, शेवटची वेळ, फ्रिक्वेन्सी, मोड (आवाज की मोर्स), कॉलसाइन म्हणजे समोरच्या स्टेशनचं ओळखनाव. उजवीकडे दिलेला रिपोर्ट (म्हणजे सिग्नल कसा ऐकू आला ते), मिळालेला रिपोर्ट, नाव-गाव, कार्ड गेलं, कार्ड आलं आणि शेरा. पानाला तीस ओळी, म्हणजे वहीत साधारण २,८५० नोंदी. रकाने ट्रेडल छापयंत्रावर छापले, पानांचे आकडे शिवण झाल्यावर नंबरिंग मशीननं मारले. खळीत मोरचूद घातलाय, कसर लागणार नाही, हे मामांनी तीनदा सांगितलं आणि ते खरं निघालं. पहिले दोन महिने वहीला जो वास यायचा, त्याला कसरच काय, आमचे हेही टेबलाजवळ फिरकले नाहीत.

कागदाला मी पैकीच्या पैकी गुण देईन. बॉलपेन दाबून लिहिलं तरी मागच्या बाजूला वळ उठत नाही. मोर्स ऐकताना डावा हात कानावरच्या हेडफोनवर आणि उजवा लिहिण्यात गुंतलेला, वही धरायला तिसरा हात नसतो. त्यामुळे वही टेबलावर आपणहून सपाट पडणं फार महत्त्वाचं. ही पडते. पण पहिली दहा पानं नाही. तिथे ती उघडी ठेवली की हळूच मिटायची, झोप आलेल्या पोराच्या डोळ्यांसारखी. जुन्या ट्रान्सफॉर्मरचा गाभा वजन म्हणून ठेवून तो महिना निभावला. तारखेचा रकाना अरुंद झाला, पण माप मीच दिलं होतं, मामांना बोल लावणार नाही. वही वजनाला जवळजवळ किलोभर आहे. डोंगरावर हातात मावणारा रेडिओ घेऊन जाणाऱ्यांनी ही घेऊ नये, त्यांना खिशातली डायरी बरी.

आता सोळा पानांची गोष्ट. नोव्हेंबर २०२३ मध्ये ९५ वं पान उलटलं, तर ९६ च्या समोर ९७ वर मथळे खाली आणि उलटे. अख्खा सातवा फर्मा डोक्यावर शिवलेला. घेताना मी पानं फरफर चाळली होती, तरी दिसलं नव्हतं. पानांचे आकडे मात्र सुलटे, कारण ते नंतर मारलेले. वही फिरवून धरावी तर रकाने जागेवर येतात, पण पानं मागे मागे जायला लागतात. म्हणून वही सरळच ठेवली. त्या फर्म्यात शेरा सगळ्यांत डावीकडे आणि अनुक्रम-तारीख सगळ्यांत उजवीकडे आहेत. त्याहून गंमत दोन सांध्यांवर. ९६-९७ वर दोन तारखा समोरासमोर आणि शेरा कुठेच नाही. ११२-११३ वर शेरेच शेरे, तारखेचा पत्ता नाही.

वही घेऊन गेले. मामांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं, आणि त्यांचा चेहरा इतका पडला की मलाच अवघडल्यासारखं झालं. “आता सोडवली तर शिवण सैल पडेल बाई. दुसरी करून देतो, पैसे नकोत. यातलं त्यात उतरवून घ्या.” मी नको म्हटलं. लॉग उतरवून काढायचा नसतो. उतरवताना माणूस अक्षर सुधारतो, चुका गाळतो, अर्धवट ऐकलेला कॉलसाइन पुरा करून टाकतो. मग तो लॉग राहत नाही, निबंध होतो.

चुकांवरून आठवलं. आमची वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत लिहायची, घड्याळातून साडेपाच तास वजा. पहाटे साडेपाचच्या आत बोललात तर तारीखसुद्धा आदल्या दिवसाची. तीस वर्षं लिहूनही मी यात फसते. २०२३ च्या १ जानेवारीला पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी ४० मीटरवर एक स्पॅनिश गृहस्थ मिळाले. वेळ बरोबर लिहिली, २३:४०. तारीख टाकली १ जानेवारी. नवं वर्ष नुकतंच लागलं होतं ना! एलओटीडब्ल्यूवर, म्हणजे संपर्क जुळवणाऱ्या संकेतस्थळावर, दोघांच्या वेळेत ३० मिनिटांहून जास्त फरक चालत नाही, आणि इथे तर अख्ख्या दिवसाचा. संपर्क काही जुळेना. मला वाटलं, त्यांनीच नोंद केली नाही. सव्वा वर्षानं कार्डांची ने-आण करणाऱ्या ब्यूरोमार्फत त्यांचं कार्ड आलं, ३१ डिसेंबरचं. वही काढली. खालचीच ओळ १ जानेवारी, ००:३५. तारीख तीच आणि वेळ मागे गेलेली. चूक कुणाची ते पान पाहताच कळलं. तारखेवर एक रेघ मारली, वर ‘३१’ लिहिलं, बाजूला आद्याक्षरं. खाली ‘१’ अजून दिसतो.

मी कॉम्प्युटरच्या विरोधात नाही. एफटी८ म्हणजे कॉम्प्युटरनं कॉम्प्युटरशी रेडिओवरून साधायचा संपर्क. त्यात एकेक पाळी १५ सेकंदांची, दीड मिनिटात संपर्क आटोपतो आणि सगळी नोंद प्रोग्रामच करतो. ते वहीत लिहायला बसणं म्हणजे लोकलमधून उतरणारी माणसं मोजण्यासारखं आहे. माझे एफटी८चे संपर्क वहीत नाहीत. ठरावीक वेळात जास्तीत जास्त स्टेशनं गाठायच्या स्पर्धेतही वही कुचकामी. हा स्टेशनवाला या बँडवर आधी मिळालाय का, हे चाळीस पानं उलटून शोधेपर्यंत तो दुसऱ्या कुणाचा झालेला असतो. शिवाय वहीतलं दर रविवारी दुपारी बसून टाइप करायचं, हा वेगळा वेठबिगार. माझा ‘यू’ आणि ‘व्ही’ सारखेच दिसतात, आणि मोर्समध्येही दोघांत एका टिंबाचाच फरक, त्यामुळे शंका आली तर कानालाही विचारता येत नाही. शून्याला मात्र आडवी रेघ न चुकता देते.

पण एक गोष्ट प्रोग्रामला जमत नाही. समोरच्याचा कॉलसाइन भरला नाही तर तो नोंदच घेत नाही. ११ मे २०२४ ची माझी ओळ पाहा. कॉलसाइन रिकामा, रिपोर्ट रिकामे. शेऱ्याचा रकाना काठोकाठ भरलेला: ‘२० मीटर मेलेली. १५ पण. अँटेना तुटली समजून गच्चीवर गेले. अँटेना ठीक. कनेक्टर ठीक. खाली आले, अजून काही नाही.’ दुसऱ्या दिवशी पेपरात वाचलं, सूर्यावरून मोठं वादळ आलं होतं आणि लडाखमध्ये हानलेच्या आकाशात लाल प्रकाश दिसला. मी सांगलीत गच्चीवर कनेक्टर पिरगाळत होते, त्याचं कारण सूर्य. मग शेऱ्याखाली बारीक अक्षरात लिहिलं, ‘सूर्य!’ माझ्या कॉम्प्युटरच्या लॉगमध्ये १० मे नंतर सरळ १३ मे येतो.

घ्यावी का? रोज चार-पाच संपर्क आवाजावर किंवा मोर्सवर होत असतील, टेबल पक्कं असेल आणि रविवारची दुपार मोकळी असेल, तर जरूर. याच दुकानात जायला हवं असं नाही. तुमच्या गावात कीर्द-खतावणी बांधणारा कुणी उरला असेल तर त्याला धरा, लवकर धरा. रकाने स्वतः आखून न्या, तारखेला किमान दोन सेंटिमीटर ठेवा, शेऱ्याला मागाल तेवढं कमीच. गोंदाची पाठ घेऊ नका. आणि ताब्यात घेताना एकेक पान बघा, चाळू नका.

नवीन वही टाकलीय. आता भाव ९५० झालाय, मामांनी मागची आठवण ठेवून दोनशे कमी केले. कागद छापून आला तेव्हा मी दुकानात जाऊन बाराही फर्म्यांच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं वर दाखवणारा बाण काढला. मामा खुर्चीत बसून बघत होते. बाराव्या बाणाला म्हणाले, “बाई, या वयात आम्हाला पहिलीत बसवलंत की.” मंगळवारी मिळेल म्हणालेत. तोवर माइकला हात लावलेला नाही, नुसतं ऐकतेय.