चार टाके कमी

"ताई, माझं काहीतरी चुकतंय," असं म्हणत तिने पिशवीतून अर्धवट स्वेटर काढला. अंग विणून झालं होतं, दोन्ही बाह्या झाल्या होत्या, सगळे टाके एका गोल सुईवर घेतले होते. गळ्याभोवतीच्या योकवर, म्हणजे अंग आणि बाह्या जिथे एकत्र येतात त्या वरच्या भागावर, पानांची जाळी बसवायची होती आणि प्रत्येक वेळी फेरीच्या शेवटी पान अपुरं राहत होतं. दोनदा उसवून झालं होतं. त्या जागची लोकर पिंजारून गेली होती. माझ्याकडे शिकायला येऊन तिला जेमतेम महिना झाला होता, त्यामुळे चूक आपलीच असणार हे तिने धरूनच चाललं होतं.

मी तिच्याकडचा छापील कागद घेतला. चौथं माप, बाही. "मनगटाला 48 टाके घाला. दर सहाव्या फेरीत 2 टाके वाढवा, असं 17 वेळा करा. एकूण 82 टाके." ते वाचलं आणि मी खुर्चीत बसले. तो 17 माझा होता. ती चूक माझ्या हातची होती, आणि कागदावर माझं नाव कुठेच नव्हतं.

मी 26 वर्षं विणते आहे आणि त्यातली 14 वर्षं शिकवते आहे. सुलट-उलट टाक्यापासून केबलपर्यंत सगळं शिकवून झालं, तरी स्वतःचं डिझाइन लिहून काढायचं धाडस होत नव्हतं. वर्गात आपण समोर असतो. कुणाचा मुंढा चुकला तर हात धरून दाखवता येतं, "इथे दोन टाके एकत्र घे" म्हणता येतं. लिहिलेल्या पॅटर्नमध्ये, म्हणजे विणायच्या लेखी सूचनांमध्ये, आपण नसतो. कुठल्यातरी अनोळखी घरात एक बाई तो कागद मांडीवर ठेवून बसलेली असते आणि तिला शंका आली तर विचारायला कुणीच नसतं. म्हणून ते शब्द आणि ते आकडे पुरेसे असावे लागतात. हे कळायला मला बरीच वर्षं लागली, आणि कळल्यावर मात्र मी झपाटल्यासारखी कामाला लागले.

जे कुणी शिकवण्यातून डिझाइनकडे वळायचा विचार करत असतील, त्यांना हे काम केवढं असतं ते आधी सांगते, म्हणजे पुढे काय गेलं ते कळेल. माझा स्वेटर खालून वर विणायचा, गोल योकचा. एका मापात तो सुचायला आठवडा पुरला. विणकामाची पुस्तकं लिहिणाऱ्या एलिझाबेथ झिमरमन यांचं टक्केवारीचं सूत्र अनेकींना माहीत असेल: छातीचे टाके 100 टक्के धरायचे, मनगटाला त्याचे 20 टक्के, बाहीच्या वरच्या टोकाला 33 ते 35, गळ्याला 40. दहा सेंटिमीटरला 22 टाके असा माझा ताण होता. छातीला 240 टाके म्हणजे 109 सेंटिमीटर घेर, मनगटाला 48, बाहीला वर 84. सूत्र चपखल बसलं.

पण विकायच्या पॅटर्नला एक माप पुरत नाही. मी 82 ते 154 सेंटिमीटर घेरापर्यंत नऊ मापं केली, आणि तिथे नुसतं सूत्र हात देत नाही. छाती दुप्पट झाली म्हणून मनगट दुप्पट होत नाही, खांदे तर फारच कमी वाढतात. प्रत्येक मापाला मुंढ्याची खोली वेगळी आणि गळ्याचे टाके वेगळे काढावे लागतात. त्यात माझी पानांची जाळी 12 टाक्यांची, म्हणजे योकला येणारे टाके प्रत्येक मापात 12 ने भागले गेलेच पाहिजेत. एका मापाची काख दोन टाक्यांनी हलवली की बाही हलायची, बाही हलली की योक. वह्या भरल्या. रात्री सुई बाजूला ठेवून मी बेरजाच करत बसायचे. आठ महिने गेले. आजही मला वाटतं की डिझायनरचं खरं काम त्या वह्यांमध्ये असतं, स्वेटर हा त्याचा शेवट.

मग चाचणी. माझ्या नऊ विद्यार्थिनींनी एकेक माप विणायला घेतलं. पैसे कुणी घेतले नाहीत, लोकर स्वतःची आणली. मी त्यांना सांगितलं होतं की छापून येईल तेव्हा तुमची नावं आभारात असतील.

याच सुमारास तो मेल आला. लोकर विकणाऱ्या एका कंपनीसाठी नव्या डिझायनरांचा संग्रह काढत असल्याचं एका बाईंनी लिहिलं होतं. माझ्या विद्यार्थिनींच्या कामाचे फोटो त्यांनी पाहिले होते आणि नेमकं काय आवडलं तेही लिहिलं होतं: वाढवलेले टाके बाहीच्या आतल्या रेषेत कसे लपवलेत ते. विणकामातलं कळणारी बाई आहे, एवढ्यावर माझा विश्वास बसला. यात मी काही मूर्खपणा केला असं मला वाटत नाही. फसवणाऱ्याला आपली कला कळत असते, म्हणूनच तो आपल्यापर्यंत पोचतो.

आधी त्यांनी रेखाचित्र आणि नमुन्याच्या तुकड्याचा फोटो मागितला. हे सगळीकडेच मागतात, त्यात काही वावगं नाही. चार दिवसांत निवड झाल्याचं पत्र आलं. मी ते विद्यार्थिनींना मोठ्याने वाचून दाखवलं. पुढच्या पत्रात तीन गोष्टी होत्या. निवड समितीला संपूर्ण पॅटर्न पाहायचा आहे, सर्व मापं आणि चार्टसह, तोही वर्ड फाइलमध्ये. टेक एडिटरच्या, म्हणजे पॅटर्नमधले आकडे आणि सूचना ताडून पाहणाऱ्या संपादिकेच्या, तपासणीचं शुल्क डिझायनरने आधी भरायचं, ते नंतर मानधनातून परत मिळेल. आणि अंतिम तारीख चार दिवसांवर आहे.

त्याच पत्राच्या तळाशी एक ओळ होती की पाठवलेलं साहित्य आणि त्यावरचे सर्व हक्क कायमस्वरूपी संग्रहाकडे राहतील. मला वाटलं, फाइल परत मिळणार नाही एवढाच त्याचा अर्थ असेल. मी "मान्य" असं एका शब्दात उत्तर पाठवलं, शुल्क भरलं आणि आठ महिन्यांचं काम जोडून दिलं.

असं का केलं, हे मी स्वतःला खूपदा विचारलं. शिकवणाऱ्या बाईला मागितलं की देऊन टाकायची सवय असते. कुणी विचारलं "हे कसं केलंत?" की आपण वही उघडून पुढे ठेवतो, उलट ती विचारतेय याचा आनंद होतो. वर्गात ते बरोबरच आहे. पण विकायला निघाल्यावर तीच वही आपलं एकमेव भांडवल असते, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. स्वेटर मागितला असता तर मी दहा वेळा विचार केला असता. कागद मागितले, आणि मी देऊन मोकळी झाले.

पाठवल्यावर दहा दिवसांनी चौथं माप विणणारी माझी विद्यार्थिनी आली आणि म्हणाली, "ताई, योकला चार टाके कमी पडतायत." आम्ही दोघींनी मांडून पाहिलं. मनगटाच्या 48 टाक्यांत 17 वेळा 2 वाढवले की 82 होतात. काखेखाली बाजूला ठेवायचे 12 सोडले की 70 उरतात, दोन बाह्यांचे 140. अंगाच्या 240 मधून दोन्ही काखांचे 24 गेले की 216. बेरीज 356. जाळीच्या 30 पानांना 360 हवेत. टाइप करताना मी 18 च्या जागी 17 लिहिलं होतं आणि एकूण आकडाही त्याच चुकीने धरला होता. माझ्या वहीत 84 बरोबर होतं. मी लगेच त्या बाईंना दुरुस्ती कळवली. उत्तर आलं नाही. महिन्याने "संग्रह पुढे ढकलला आहे" एवढी एक ओळ आली, त्यानंतर काहीच नाही. मला वाटलं, राहिलं असेल त्यांचं. वाट पाहत राहिले.

आणि मग दीड वर्षाने तो 17 माझ्या वर्गात चालत आला.

पॅटर्नला दुसरंच नाव होतं, फोटोतला रंग वेगळा होता, डिझायनर म्हणून एका गटाचं नाव छापलं होतं. आतला मजकूर मात्र शब्दन् शब्द माझा. "इथे घाई करू नका, आधी दोन्ही बाह्यांचे टाके मोजून घ्या" हे मी वर्गात म्हणते ते वाक्यसुद्धा तसंच. माझ्या डोक्यात सगळ्यात आधी आलं ते तपासणीचं शुल्क. टेक एडिटरचं पहिलं कामच बेरजा ताडून पाहण्याचं असतं. 356 ला 12 ने भाग जात नाही हे तिला पहिल्या वाचनात दिसलं असतं. म्हणजे तो पॅटर्न कुणी तपासलाच नव्हता. माझ्याच पैशांनी कसलीच तपासणी झाली नाही, आणि ती न झाल्याचा पुरावा विकत घेऊन ही नवी मुलगी दोनदा उसवत बसली होती.

पुढे मी काय केलं, काय मिळालं, ते थोडक्यात सांगते. ज्या ठिकाणी पॅटर्न विकला जात होता तिथे तक्रार केली. सोबत तारखा असलेल्या जुन्या फाइली, वह्यांच्या पानांचे फोटो, चाचणीच्या वेळचे विद्यार्थिनींचे मेल आणि ती चूक असं सगळं जोडलं. तीन आठवड्यांनी तिथून तो काढला गेला. नंतर दुसऱ्या नावाने पुन्हा दिसला. वकिलांनी सांगितलेलं मला आधी कुणीतरी सांगायला हवं होतं. 1886 साली झालेल्या आणि पुढे सुधारत गेलेल्या कॉपीराइटच्या बर्न करारातल्या देशांत आपण लिहिलं की त्याचा हक्क आपोआप आपला होतो, नोंदणीची अट नसते. मात्र हा हक्क आपल्या मजकुरावर, चार्टवर, आकृतीवर, फोटोवर असतो. पानांची जाळी ही कुणाच्याही मालकीची नाही, ती कितीतरी जणी कितीतरी वर्षं विणत आल्या आहेत, आणि ते चांगलंच आहे. हक्क दुसऱ्याला द्यायला अनेक देशांत सही केलेला लेखी करार लागतो. माझ्या त्या "मान्य"ला किती वजन आहे यावर दोन्ही बाजूंनी भांडता येईल, असं ते म्हणाले. भांडायची ऐपत माझी नव्हती. शुल्क परत आलं नाही.

सगळ्यात कठीण गेलं ते त्या नऊ जणींना सांगणं. त्यातली एक म्हणाली, "मग ताई, आम्ही विणलेलं कुणाच्या नावावर गेलं?" तिने रागाने विचारलं नव्हतं, त्यामुळेच मला जास्त लागलं. मी माझं काम स्वतः देऊन टाकलं होतं, त्यांचं मात्र त्यांना न विचारता दिलं होतं.

आता कुणी नवी डिझायनर मला विचारते तेव्हा मी तिला सांगते: निवडीसाठी रेखाचित्र, नमुन्याच्या तुकड्याचा फोटो, चार ओळींचं वर्णन आणि फार तर मुख्य मापांची आकृती, एवढंच पाठव. सगळ्या मापांचे आकडे आणि चार्ट सही झालेला करार हातात आल्यावरच. तुझ्याकडून कुणी पैसे मागितले तर तिथेच थांब, कारण प्रकाशक डिझाइन घेतो तेव्हा पैसे त्याच्याकडून तुझ्याकडे यायचे असतात. टेक एडिटर आपण स्वतः शोधून, तिच्याशी बोलून, तिचं आधीचं काम पाहून लावायची असते, तो खर्च मी आजही आनंदाने करते. करारात हक्क किती काळासाठी देतेय आणि ते परत कधी मिळणार, हे लिहिलेलं असावं. मानधन स्वीकारल्यावर मिळणार की छापल्यावर, आणि छापलंच नाही तर काय, हेही. "कायमस्वरूपी" आणि "सर्व" हे शब्द दिसले की एक रात्र जाऊ दे. चार दिवसांची मुदत दिली असेल तर दोन रात्री जाऊ देत. चाचणीला विणणाऱ्यांना पॅटर्न कुठे जाणार ते आधी सांग, आणि प्रत्येक फाइल तारखेसह स्वतःलाच मेल करून ठेव. माझ्याकडे निदान तेवढं तरी होतं.

मी त्यानंतर दोन पॅटर्न काढले, स्वतःच्या नावाने, स्वतःच विकते. हळू चाललंय. आभारात त्या नऊ जणींची नावं आहेत.

वर्गात आलेल्या त्या मुलीला मी त्याच दिवशी पेन्सिलीने दुरुस्त करून दिलं. तिने बाह्यांच्या शेवटच्या सहा फेऱ्या उसवल्या आणि तिसऱ्यांदा विणून योक पूर्ण केला. गोल योक, 12 टाक्यांच्या पानांची जाळी, नऊ मापं, चौथ्या मापाच्या बाहीला शेवटी 82 टाके असा पॅटर्न तुमच्याकडे कुठल्याही नावाने आला असेल, तर तुमचं काहीही चुकलेलं नाही. 18 वेळा वाढवा, 84 होऊ द्या.