एक वर्षाचं कर्ज: फ्लॅट व्याज, घटतं व्याज की समान हप्ता?

समजा 60,000 रुपये एका वर्षासाठी घ्यायचे आहेत. पतसंस्था, बचत गट, फायनान्सवाला, सगळेच सांगतात "बारा टक्के". हिशोब मात्र प्रत्येकाचा वेगळा असतो, आणि त्यातला मोठा भाग दहावीच्या अंकगणिती श्रेढीने, म्हणजे ठरावीक फरकाने चढणाऱ्या किंवा उतरणाऱ्या आकड्यांच्या रांगेने, तोंडी करता येतो.

फ्लॅट व्याजात पूर्ण 60,000 वर वर्षभर व्याज लागतं. 7,200 व्याज धरून हप्ता पडतो 5,600. अर्धं कर्ज फेडून झालं तरी व्याज मूळ रकमेवरच चालू राहतं.

बचत गटात बहुधा दुसरी रीत असते: दरमहा मुद्दल सारखं, 5,000, आणि व्याज फक्त शिल्लक रकमेवर. महिन्याला शेकडा 1 दराने पहिल्या महिन्यात व्याज 600, मग 550, मग 500, असं उतरत बाराव्या महिन्यात 50. सामान्य फरक उणे 50. बेरजेला सूत्रही नको. पहिलं आणि शेवटचं पद मिळून 650, दुसरं आणि अकरावं मिळूनही 650, अशा सहा जोड्या, म्हणजे 3,900. फ्लॅटपेक्षा 3,300 रुपये कमी.

गंमत म्हणजे या रीतीतही पहिला हप्ता 5,600 चाच असतो. म्हणून पहिल्या महिन्यात दोन्ही कर्जं सारखीच वाटतात. फरक दुसऱ्या हप्त्यापासून पडतो: 5,550, 5,500, आणि शेवटी 5,050. याच रीतीने कुणी 18 टक्के सांगितले, तरी व्याज 900 पासून 75 पर्यंत उतरतं आणि एकूण 5,850 होतं. म्हणजे 12 टक्के फ्लॅटपेक्षा तेही स्वस्त! नुसता टक्का ऐकून सही करू नका, असं मी जीव तोडून सांगते ते यासाठीच.

तिसरा प्रकार बँकेच्या ईएमआयचा, म्हणजे दरमहा समान हप्त्याचा. घटत्या शिलकीवर 12 टक्क्यांनी हप्ता साधारण 5,331 आणि एकूण व्याज 3,970 च्या आसपास. इथे व्याज ठरावीक रकमेने उतरत नाही, त्यामुळे श्रेढी लागू पडत नाही आणि तोंडी पडताळा जमत नाही. पण जूनमध्ये शाळेचा खर्च अंगावर असेल, तर 5,600 च्या पहिल्या हप्त्यापेक्षा वाचणारे हे अडीचशेच्या वर रुपये मोलाचे ठरतात. पगार ठरलेला असेल तर ईएमआय घ्या. सारख्या मुद्दलाच्या रीतीपेक्षा जास्त जाणाऱ्या 70 रुपयांसाठी ओढाताण नको.

नोंदी हाताने पासबुकात होत असतील, किंवा मध्येच पैसे येऊन कर्ज लवकर मिटण्याची शक्यता असेल, तर मी सारख्या मुद्दलाचीच रीत निवडेन. सात हप्त्यांनंतर बाकी बरोबर 25,000, आणि तेव्हाच फेडलं तर पुढचं 250, 200, 150, 100, 50 असं 750 व्याज वाचतं. फ्लॅटमध्ये अशी सूट मिळेल का, हे आधीच लेखी घ्यावं लागतं.

प्रोसेसिंग फी आणि दंड वेगळे विचारा. सहीआधी परतफेडीचा तक्ता मागा आणि व्याजाचा रकाना वरून खाली वाचा. बाराही ओळींत 600 च दिसले, तर ते कर्ज फ्लॅटचं आहे.