नोंदणी खरी होती, कंपनी खोटी

कंपनीचा नोंदणी क्रमांक खरा होता. मी स्वतः सरकारी नोंदवहीत तपासला होता. नाव जुळलं, पत्ता होता, संचालकाचं नावही होतं. त्या भरवशावर परदेशातल्या त्या कंपनीकडे गुंतवणुकीचे पैसे पाठवले.

पहिल्या महिन्यात ‘नफा’ म्हणून थोडी रक्कम खात्यात आली. मग मी बहुतेक सगळी बचत ओतली. काढायला गेलो तेव्हा आधी कर भरा, मग शुल्क भरा, असं सुरू झालं आणि शेवटी फोन लागेनासा झाला. लाजेपोटी मी चार दिवस कुणालाच काही बोललो नाही.

पाचव्या दिवशी माझंच खातं गोठवलं गेलं. मला मिळालेला तो ‘नफा’ फसवल्या गेलेल्या दुसऱ्या एका बाईंचा पैसा होता. त्यांनी तक्रार केली, तपास पैशाच्या मागावर निघाला आणि माझ्यापर्यंत पोहोचला. स्वतःचं नुकसान कळलं तेव्हाही इतकं लागलं नव्हतं. माझे पैसे तोवर भाड्याच्या, म्हणजे मोबदला देऊन वापरायला घेतलेल्या इतरांच्या खात्यांतून तुकड्यातुकड्यांनी पुढे गेले होते. आणि संचालक? त्या माणसाची कागदपत्रं चोरून वापरली होती. आपण संचालक आहोत हे त्याला ठाऊकच नव्हतं.

सरकारी नोंदवहीत आहे म्हणजे सरकारने तपासलंय, हा माझा समज चुकीचा निघाला. अनेक देशांत निबंधक, म्हणजे कंपन्यांची नोंद ठेवणारा अधिकारी, आलेला अर्ज फक्त नोंदवून घेत असे. ब्रिटनसारख्या देशातही शंकास्पद माहितीबद्दल विचारणा करून ती नाकारण्याचे व्यापक अधिकार निबंधकाला मिळाले ते २०२३च्या कायद्याने, ४ मार्च २०२४ पासून. नव्या संचालकांची ओळख पडताळणं सक्तीचं व्हायला १८ नोव्हेंबर २०२५ उजाडला. आर्थिक गुन्ह्यांविरुद्धच्या सुधारणांमध्ये मला हीच सर्वांत मोलाची वाटते, कारण खोट्या नावाची कंपनी उभीच राहिली नाही तर पुढची साखळी तुटते. फार उशीर झाला, एवढंच.

तुम्ही क्रमांकावर थांबू नका. गुंतवणूक घेण्याचा परवाना आहे का, हे वित्तीय नियामकाकडे पाहा. पैसे कुणाच्या खात्यात मागतात तेही बघा. माझ्याकडे तीनदा तीन निरनिराळ्या व्यक्तींच्या नावाने मागितले. विचारलं तर म्हणाले, ‘हे आमचे प्रतिनिधी.’ मी मान्य केलं. शंका आली की त्याच तासाला बँकेला कळवा, कारण पैसा एका खात्यातून दुसऱ्यात जायला मिनिटं पुरतात.

माझे पैसे अजून सापडलेले नाहीत. त्या बाईंची रक्कम मात्र मी तपास अधिकाऱ्यांमार्फत त्यांना परत केली.