ब्युरोची ‘चोवीस तासांची बाई’: ठाणे-नवी मुंबईतल्या घरगुती वृद्धसेवेचं परीक्षण

‘चोवीस तास’ या शब्दातच पहिली फसगत आहे. ब्युरो (घरी आया-नर्स पुरवणारी एजन्सी) चोवीस तासांसाठी एकच माणूस पाठवतो आणि तो माणूस रात्री झोपतो. झोपायलाच हवा, नाहीतर तिसऱ्या दिवशी त्याच्या हातून पेशंट पडेल. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर २ तासांनी बदलावी लागते, म्हणजे रात्री ११ ते सकाळी ६ या वेळात तीनदा तरी. ती बदलली गेली नाही की माकडहाड आणि टाचांवर लाली येते आणि पुढे बेडसोअर (सतत दाब पडून होणारी जखम) होतो. तेव्हा साधा नियम ठेवा: ज्याला स्वतःहून कूस बदलता येते, हाताला धरून बाथरूमला जाता येतं, त्याला चोवीस तासांची सोबत पुरते. ज्याला येत नाही, त्याच्यासाठी १२-१२ तासांच्या दोन ड्युट्या घ्या. तेवढं परवडत नसेल तर दिवसाची एक ड्युटी घ्या आणि रात्रीचा गजर घरच्यांनी वाटून घ्या.

दुसरा गोंधळ दर्जाचा. ब्युरो फोनवर सगळ्यांनाच ‘सिस्टर’ म्हणतात. प्रत्यक्षात आया किंवा वॉर्डबॉय वेगळा, जीडीएचं (जनरल ड्युटी असिस्टंट) प्रशिक्षण घेतलेला अटेंडंट वेगळा आणि एएनएम किंवा जीएनएम हा नर्सिंगचा कोर्स झालेली नर्स वेगळी. नर्स असेल तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागा. तो सांगायला टाळाटाळ झाली की समजून जा. स्पंजिंग (ओल्या कपड्यानं अंग पुसणं), डायपर, भरवणं, चालवणं, बीपी-शुगर मोजून वहीत लिहिणं ही अटेंडंटची कामं. कॅथेटर (लघवीची नळी) बदलणं, राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी अन्नाची नळी) घालणं, सलाइन, खोल जखमेचं ड्रेसिंग ही नर्सची. पैसे सर्वाधिक वाया जातात ते इथे: गरज रोज १० मिनिटांच्या ड्रेसिंगची असते आणि घरात १२ तास सिस्टर बसवली जाते. दिवसभर चांगला अटेंडंट आणि ठरल्या दिवशी नर्सची व्हिजिट, ही जोडी बहुतेक घरांना पुरते.

मग या सगळ्या खटाटोपाचा फायदा काय? मोठा आहे. सत्तरी ओलांडलेला माणूस हॉस्पिटलात रात्री भ्रमिष्टासारखा बोलू लागतो, नळ्या ओढतो, दिवस-रात्रीचं भान हरवतो, हे वॉर्डात नेहमी दिसतं. स्वतःची खोली, ओळखीची खिडकी, समोर घड्याळ, नेहमीच्या वेळेला नेहमीचा चहा एवढ्यानंही हे पुष्कळ आटोक्यात येतं. हॉस्पिटलातल्या चिवट जंतुसंसर्गाचा धोकाही घटतो. आणि रोज तोच माणूस जवळ असला की बारीक बदल वेळेत कळतात. म्हाताऱ्या माणसाला लघवीचा संसर्ग झाला तर ताप येईलच असं नाही. एकाएकी असंबद्ध बोलणं किंवा नुसतं गळून जाणं हीच पहिली खूण असू शकते. रक्तातलं सोडियम उतरलं तरी तसंच. मात्र यासाठी माणूस तोच राहायला हवा. दर आठवड्याला नवा चेहरा पाठवणारा ब्युरो इथे नापास.

कामाची पारख करायची तर तीन गोष्टी समोर उभं राहून पाहा. पहिली, इन्सुलिन. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा ४० युनिट प्रति मिलिलीटरचं असतं. त्याला लाल टोपणाची सिरिंज. केशरी टोपणाची सिरिंज १०० युनिटची. ४० च्या बाटलीतून केशरी सिरिंजनं ‘२०’ च्या खुणेपर्यंत भरलं तर जातात फक्त ८ युनिट. उलट १०० चं इन्सुलिन लाल सिरिंजनं ‘२०’ पर्यंत घेतलं तर ५० युनिट जातील, आणि ते जिवावर बेतू शकतं. सिरिंज हातात घेताना जो माणूस बाटलीवरचा आकडा वाचत नाही, त्याच्याकडे हे काम देऊ नका.

दुसरी, एअरबेड. भाड्यानं आणलेल्या या हवेच्या गादीचा पंप बहुतेक घरांत पूर्ण फुल करून ठेवलेला असतो. गादी दगडासारखी होते आणि उपयोग संपतो. पंपाचं बटण पेशंटच्या वजनाप्रमाणे लावायचं. मग माकडहाडाच्या बरोबर खाली, एअरबेडच्या तळाशी हात सरकवून बघायचं: हात आणि शरीर यांच्यामध्ये इंचभर हवा जाणवली पाहिजे. वर एकच सैल चादर. रबरशीट, गोधडी, दुपटं असे थर चढवले की हवेची आलटून-पालटून होणारी हालचाल अंगापर्यंत पोचतच नाही. एअरबेड आहे म्हणून कूस बदलणं बंद करायचं नसतं. आणि लाल झालेल्या जागेवर स्पिरिट-पावडर लावून चोळण्याची जुनी सवय अजून जिवंत आहे. खालच्या पेशी आधीच दुखावलेल्या असतात, चोळल्यानं त्या आणखी फाटतात.

तिसरी, उचलणं. पॅरालिसिस झालेल्या माणसाला लुळ्या हाताला धरून ओढलं तर खांदा निखळतो. खुर्ची चांगल्या बाजूला लावायची, चाकांचे ब्रेक दाबायचे, कमरेला पट्टा किंवा घट्ट दुपट्टा बांधून त्याला धरून उठवायचं.

भरवण्यात एकच चूक वारंवार होते: आडवं ठेवून भरवणं. नळीनं असेल तर डोकं ३० ते ४५ अंश वर, एका वेळी साधारण २०० मिलिलीटर गाळलेली पेज किंवा मुगाचं पातळ वरण, शेवटी ३० मिलिलीटर पाणी, आणि नंतर अर्धा-पाऊण तास तसंच बसवून ठेवायचं. नाहीतर अन्न छातीत उतरतं आणि न्यूमोनिया होतो.

आता आपल्या भागाची खास अडचण: बदली माणूस. सकाळी ८ ला रात्रपाळीची बाई निघते आणि दिवसाची दिवा स्टेशनला अडकलेली असते. म्हणून ब्युरोला दराच्या आधी विचारा, बाई कुठल्या स्टेशनवरून येणार. नेरुळ-वाशीसाठी मानखुर्द किंवा पनवेलची बाई थेट हार्बर लाइनच्या लोकलनं येते. बदलापूरच्या बाईला ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बर लाइनची लोकल पकडावी लागते, रविवारच्या मेगाब्लॉकला तर विचारूच नका. घोडबंदर रोडला लोकलचं स्टेशनच नाही, ठाण्याहून बस आणि वर तिथली वाहतूक. जुलैच्या पावसासाठी चालत येऊ शकेल असं एक माणूस आधीच हेरून ठेवावं. करारात लिहून घ्या: गैरहजेरीत किती तासांत बदली, न आल्यास पैसे कसे कापणार, सुट्टीच्या दिवशी दर किती, महिना २६ दिवसांचा की ३० चा, नोंदणी शुल्क परत मिळणार का. तोंडी ‘हो ताई, पाठवतो’ याला किंमत शून्य. पोलीस पडताळणीचा कागदही आधीच मागा. ठाणे आणि नवी मुंबई ही दोन वेगळी पोलीस आयुक्तालयं आहेत, म्हणून कागद कुठला ते बघा.

मेडिक्लेमवर विसंबू नका. अटेंडंटचा पगार सहसा त्यात बसत नाही. मात्र ६० वर्षांवरील पालकांचा आरोग्य विमाच नसेल, तर आयकराच्या जुन्या करप्रणालीत (१९६१ च्या कायद्यातलं कलम ८०डी) त्यांच्या वैद्यकीय खर्चाची ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळू शकते. औषधं आणि नर्सिंगची बिलं म्हणून जपून ठेवा, आणि पैसे रोखीनं देऊ नका.

घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढणारं यंत्र) असेल तर तो विजेवर चालतो हे लक्षात ठेवून शेजारी भरलेला बी-टाइप सिलिंडर हवा. त्यात साधारण १,५०० लिटर असतात. मिनिटाला २ लिटरनं बारा तास निघतात. माणूस ठेवण्याआधी टेप घेऊन बाथरूमचं दार मोजा. सिडकोच्या जुन्या घरांत ते इतकं अरुंद असतं की व्हीलचेअर अडते आणि चाकांची अरुंद कमोड-चेअर घ्यावी लागते. नौपाड्यातल्या बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरून १०८ च्या स्ट्रेचरपर्यंत पेशंटला कोण आणि कशावर बसवून खाली नेणार, हेही त्याच दिवशी ठरवा. एकट्या अटेंडंटच्या आवाक्यातलं ते काम नाही.