जांबोटी रस्त्यावरचा होमस्टे: दोन रात्री आणि एक फुगलेलं दार

मी पॅटर्नमेकर. बेळगावच्या उद्यमबागेत आमचं छोटं वर्कशॉप आहे: मी, पार्टनर आणि एक हेल्पर. फाउंड्रीत बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतायच्या आधी त्या पार्टचा लाकडी नमुना लागतो, तो आम्ही करतो. २६ वर्षं झाली, तरी सकाळी सागवानावर पहिला रंधा फिरला की मला दुसरं काही नको असतं. आधी मोठ्या फाउंड्रीत होतो तेव्हा १९४८ च्या कारखाने कायद्याप्रमाणे २० दिवस कामामागे १ दिवस भरपगारी रजा मिळायची. ३० दिवसांच्या वरची पुढच्या वर्षाला चालायची नाही, त्यामुळे माझी बरीचशी वाया जायची. मी ते कौतुकानं सांगत फिरायचो.

तर जुलैत मुलीनं परस्पर बुकिंग केलं. बीड थंड होताना आकसतं म्हणून आम्ही नमुना मीटरमागे साधारण १० मिलिमीटर मोठा करतो. मुलीनंही तेच केलं. चार रात्रींचं बोलली, माझी कुरकुर वजा जाऊन दोन उरल्या. बायको म्हणाली, "पटाशी सोडून दोन दिवस ऱ्हावून बघा की."

पिरनवाडी, किणये करत जांबोटी, तिथून कणकुंबीच्या बाजूला थोडं आत. रस्ता पावसानं उखडलाय, शेवटच्या चढाला कार नेऊ नका. कौलारू घर, चार खोल्या, माणशी दिवसाला १५०० रुपये, जेवण धरून. जेवणाला नाव ठेवायला जागा नाही. तांदळाची भाकरी, कुळथाची आमटी, आणि दुसऱ्या दिवशी मावशींनी रानातली अळंबी केली, नुसती कांदा-खोबऱ्यावर. तिच्यासाठी पुन्हा जाईन. बाथरूम स्वच्छ, गरम पाणी बंबाचं, पण सकाळी आठनंतर मागितलं तर अर्धा तास थांबावं लागतं. अंथरुणाला दमट वास होता. पावसाळ्यात तिकडं तो सगळीकडंच असतो म्हणा.

आता दार. आमच्या खोलीचं दार लागत नव्हतं. खालच्या अंगाला फुगून चौकटीत अडकायचं, लावायला खांदा मारायचा आणि उघडायला लाथ. मालक बिचारे रंधा घेऊनच आले, "तुम्ही यातलेच की, जरा बघता काय?" माझे हात शिवशिवले. पण पावसाळ्यात फुगलेलं लाकूड तासायचं नसतं. तेव्हा तासलं की उन्हाळ्यात ते वाळून आकसतं आणि बोटभर फट पडते. मग मेणबत्ती मागितली, कडेला चांगली घासली, दार सरकायला लागलं. रंधा परत दिला. दिवाळीनंतर वाळलं की मग बघा म्हटलं. बायको हसत होती, "तुम्हाला हातात हत्यार असताना गप्प बसलेलं पहिल्यांदाच बघितलं."

फिरायचं म्हणाल तर कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी मलप्रभेचा उगम आहे, तेवढा बघून आलो. याच खानापूर तालुक्यातली म्हादई पश्चिमेला गोव्याकडं उतरते आणि ही पूर्वेला कृष्णेकडं जाते. बाकी पावसानं बाहेर पडू दिलं नाही.

खरी बसायची जागा म्हणजे पुढचा सोपा. समोर खाचरात रोपलावण चालली होती. डोक्यावर प्लास्टिकचे कागद घेतलेल्या दहा-बारा बायका, एका ओळीत, मागं मागं सरकत. मी पहिला तासभर त्यांच्या ओळीची सरळ रेघ बघत होतो, सवय ती. नंतर आठवलं, आमचा हेल्पर याच तालुक्यातला. दरवर्षी लावणीला चार दिवस मागतो आणि मी दरवर्षी म्हणतो, "कामाची आवड असती तर मागितलीच नसतीस." रविवारीसुद्धा मी वर्कशॉप उघडतो, माझी हौस. पण मी आलो की तोही येतो. न येऊन सांगणार कुणाला? पार्टनर निदान भांडतो तरी.

त्याचं वय २२. मला जे आवडतं त्याचे पैसे मला मिळतात, त्याला मिळतो तो पगार. हा हिशेब मी कधी मांडलाच नव्हता, आणि तो मांडायला मला खाचरापुढं पायावर पाय टाकून बसावं लागलं. आपल्याला तर सुट्टी नकोच, असं जेवताना पुन्हा म्हटलं, पण आवाजात पूर्वीचा जोर नव्हता.

पाचांत साडेतीन देतो. अर्धा दाराचा कापला, अर्धा अंथरुणाचा आणि अर्धा नेटवर्कचा. नेटवर्क फक्त फाटकाजवळच्या फणसाखाली येतं, तेही छत्री धरून उभं राहिलं तर. दुसऱ्या संध्याकाळी तिथं उभं राहून हेल्परला फोन लावला. म्हटलं, सोमवारपर्यंत येऊ नकोस, पगार कापणार नाही, लावणी उरकून घे.

पलीकडं बराच वेळ काही नाही. मला वाटलं लाइन तुटली.

"मालक," तो हळूच म्हणाला, "काय चुकलं काय वो माझं?"