आधी हॉल मोजा, मग कॅमेरा घ्या (कॅनन आर५० आणि तीन लेन्सची गोष्ट)

आमच्या आबांचं, म्हणजे सासऱ्यांचं, सहस्रचंद्रदर्शन घरीच करायचं ठरलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या बाकी काही नको पण सगळ्यांचा एक नीट फोटो हवा, भिंतीवर लावता येईल असा. आता घरात चार फोन आणि फोटो म्हणाल तर हजारो, पण दिवाळीतला सासूबाईंचा पोर्ट्रेट मोडमधला फोटो मोठा करून बघितला तर नथीचा एक मोती मागच्या पडद्याबरोबर ब्लर होऊन गेलेला आणि चेहरा इतका गुळगुळीत की आबा म्हणाले, "ही कोण?" तेव्हा ठरलं की कॅमेरा घ्यायचा. बजेट ८० हजारांच्या आत, लेन्स धरून.

शेवटी कॅनन ईओएस आर५० घेतला. बाकीचे का नाही ते थोडक्यात सांगते. सोनी झेडव्ही-ई१० आणि निकॉन झेड३० चांगलेच आहेत पण दोन्ही व्हिडिओवाल्यांसाठी बनवलेले, डोळा लावायला व्ह्यूफाइंडर नाही आणि मला तो लागतो. ओळखीतून कॅननचाच जुन्या धर्तीचा एक २०० डी मार्क टू सेकंडहँड मिळत होता, पण त्यात व्ह्यूफाइंडरमधून बघताना नऊच फोकस पॉइंट, डोळे ओळखून फोकस फक्त मागच्या स्क्रीनवरून बघितलं तरच. घरात चार वर्षांची मुलगी आहे जी दोन सेकंद एका जागी थांबत नाही, त्यामुळे डोळ्यावर फोकस धरून ठेवणं मला सगळ्यात महत्त्वाचं होतं. आर५० ते करतो, बॅटरी आणि कार्ड धरून वजन ३७५ ग्रॅमच्या आसपास, स्क्रीन बाहेर उघडून फिरते. पुरे.

दुकानाची गंमत ऐका. फोर्टात बोरा बाजारात गेलो, तिथल्या एका दुकानात (नाव नको) काउंटरवरचा पोरगा ऐकायलाच तयार नाही, "मॅडम डबल लेन्स किट घ्या, ५५-२१० फ्री पडते." ही लांबचं जवळ आणणारी झूम लेन्स. अरे बाबा, मला घरात फोटो काढायचेत, ती लेन्स लावली तर आमच्या हॉलमध्ये आबांचं नाक तेवढं येईल. मग हळूच म्हणतो बिल नको असेल तर आणखी कमी करतो. म्हणजे बाहेरून आणलेला माल, भारतातली वॉरंटी नाही. बिलाशिवाय घेऊ नका, एवढंच सांगते. आम्ही दुसरीकडून १८-४५ ची किट लेन्सवाला (म्हणजे कॅमेऱ्याबरोबर येणारी साधी झूम) घेतला आणि सगळे सांगतात म्हणून वर ५० एमएम एफ १.८ पण घेतली. एमएमचा आकडा जितका लहान तितकं जास्त रुंद दिसतं, आणि एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं तोंड जास्त उघडतं.

आणि इथेच माझं गणित चुकलं. ५० एमएम लावली, सातजणांना सोफ्यावर आणि सोफ्यामागे उभं केलं, मी मागे मागे जात दाराबाहेर पॅसेजमध्ये पोचले, तिथून पुढे लिफ्ट! तरी कडेची दोन माणसं कापलेली. कारण या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे आत फोटो जिथे उमटतो ती चकती, साधारण २२ मिलिमीटर रुंद. लेन्सच्या एमएमला २२ ने भागायचं आणि फोटोत जेवढी रुंदी हवी त्याने गुणायचं, तेवढं लांब उभं राहावं लागतं. आम्हाला हवी होती ८ फूट, म्हणजे ५० ला १८ फूट. आमचा हॉल डोंबिवलीचा, १० बाय १४, त्यातला तीन फूट सोफ्याने खाल्लेला. हे गणित आधी माहिती असतं तर लेन्स घ्यायच्या आधी मोजपट्टी काढली असती.

मग किट लेन्स १८ वर नेऊन काढला, सहा-साडेसहा फुटांवरूनच सगळे मावले, पण एवढ्या जवळून वाईड काढलं की कडेची माणसं ताणली जातात. नणंदेचा दंड असा काही आला की तिने फोटो डिलीट होईपर्यंत चहा घेतला नाही. शेवटी २८ एमएम एफ २.८ घेतली, छोटीशी चपटी लेन्स आहे, त्याच गणिताने १० फूट लागतात आणि तेवढे आमच्याकडे निघतात. ग्रुपसाठी आता तीच. बजेट अर्थातच मोडलं, नवऱ्याला अजून नक्की आकडा सांगितलेला नाहीये.

तरी ५० एमएम वाया गेली असं मुळीच नाही. एकट्या माणसाच्या फोटोला ती कमाल आहे. संध्याकाळी ट्यूबलाइटमध्ये किट लेन्स ४५ वर एफ ६.३ च्या पुढे उघडत नाही, त्यामुळे आयएसओ (कॅमेरा कमी उजेड किती वाढवून दाखवतो तो आकडा) ६४०० वर जाऊन फोटो रवाळ येतो, ५० वाली एफ १.८ ला साधारण बारापट उजेड आत घेते, तोच फोटो ५००-६०० आयएसओमध्ये निघतो. फक्त दीड मीटरवरून एफ १.८ ठेवलं तर जेमतेम सहा सेंटिमीटर खोलीच शार्प असते, डोळे शार्प आणि कान गेले. दोन रांगा असतील तर एफ ४ च्या खाली जाऊच नका, मागच्या रांगेचे जावई रुसतील.

उजेडाचं सांगते, कारण अर्धं काम तिथेच होतं. सकाळी नऊ-दहाला बाल्कनीचं दार उघडायचं, पांढरा पातळ पडदा ओढायचा, घरातले सगळे दिवे बंद. सासूबाईंना हे अजिबात पटत नव्हतं, "अगं अंधारात काय फोटो काढतेस?" पण पिवळा बल्ब, पांढरी ट्यूब आणि खिडकीचा उजेड एकत्र आले की अर्धा चेहरा काविळीसारखा दिसतो. आमची एक भिंत पिस्ता रंगाची आहे, तिच्याजवळ उभं केलं की गालावर हिरवट झाक येते, आता तिथे जुनी पांढरी चादर लावते. कॅमेऱ्याचा फ्लॅश समोरून मारला तर मागे भिंतीवर काळ्या सावल्या पडतात, म्हणून तो बंदच.

न आवडलेलं पण लिहिते. बॉडीत स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय) नाही आणि मी घेतलेल्या दोन्ही प्राइम, म्हणजे झूम न होणाऱ्या, लेन्समध्येही नाही. पोरं असतील तर फरक पडत नाही, शटर तसंही २०० च्या वर (म्हणजे सेकंदाच्या दोनशेव्या भागापेक्षा वेगवान) ठेवावं लागतं, हलणारं पोर स्टॅबिलायझेशनने थांबत नाही. वर फ्लॅश बसवायची खाच आहे, पण तिच्यात जुन्या फ्लॅशला लागणारे कॉन्टॅक्ट नाहीत, दिराचा जुना फ्लॅश लावायचा तर एडी-ई१ नावाचा अडॅप्टर वेगळा घ्यावा लागेल. आणि ट्यूबलाइटखाली सायलेंट शटर वापरू नका, फोटोवर पट्टे उमटतात.

मुख्य दिवशी कॅमेरा स्टँडवर आणि फोनवरच्या कॅननच्या अ‍ॅपवरून क्लिक, म्हणजे मी पण फोटोत. सातजणांत कोणाचे ना कोणाचे डोळे मिटतातच म्हणून तीस-चाळीस काढले, त्यातला एक १२ बाय १८ प्रिंट केला, २४ मेगापिक्सेलला तेवढा आरामात निघतो. लॅबवाल्याने विचारलं स्किन स्मूद करू का, सासूबाईच म्हणाल्या हात लावू नको.

आता नणंदेला तिच्याकडे पण असाच फोटो हवाय. तिचा हॉल ९ बाय १०. तिथे १८ लाच जावं लागणार, आणि दंडाचं माझ्यावर ढकलायचं नाही हे आधीच फोनवर सांगून ठेवलंय.